काळी, पांढरी आणि नदीचा गाळ



नेसरी म्हटले की आपल्याला प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाजवळच्या खिंडीत ते आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व धारातीर्थी पडले. ही घटना आपल्याला ठाऊक आहे, कारण ती कागदावर उतरली. पण कागद किती मागे जातो? काही शतके. त्याच्या मागे ताम्रपट आणि शिलालेख आहेत. सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाचा लेख सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यापलीकडे महाराष्ट्रात वाचता येईल असे लिखाण नाही.

माणूस मात्र त्याच्या आधी लाखो वर्षे या भूमीवर वावरत होता. तो शिकार करीत होता, कंदमुळे खणत होता, पुढे शेती करू लागला, गुरे पाळू लागला, गावे वसवू लागला. त्याने स्वतःविषयी एक अक्षर लिहून ठेवले नाही. मग त्याचा इतिहास कोण सांगणार?

त्याची दगडी हत्यारे आणि मडक्यांची खापरे सांगतील, असे तुम्ही म्हणाल. ते खरे आहे, पण अर्धेच. हातात घेतलेले खापर फक्त 'मी खापर आहे' एवढेच सांगते. ते कोणत्या थरात पडले होते, तो थर नदीने आणला की वाऱ्याने की माणसाने, त्या वेळी पाऊस किती पडत असे, हे सगळे खापराभोवतीची माती सांगते. मातीचे, गाळाचे आणि खडकांचे हे बोलणे समजून घेण्याच्या पद्धती भूविज्ञानाने तयार केल्या. त्या वापरून जुन्या मानवी समाजांचा शोध घेणाऱ्या शास्त्राला भूपुरातत्त्व म्हणतात. त्याची ओळख आज आपण करून घेऊ.

वरचा नवा, खालचा जुना

विहिरीचे खोदकाम तुम्ही पाहिले असेल. वर काळी किंवा तांबडी माती, मग मुरूम, मग कातळ. ओढ्याच्या कापलेल्या काठातही असे पट्टे दिसतात. या उभ्या कापाला छेद म्हणतात. निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये एक साधा नियम मांडला: थर उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा थर आधी साचलेला आणि वरचा नंतर. घरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात सर्वांत जुने वर्तमानपत्र तळाशी असते, तसेच हे.

प्रवरा नदीच्या काठी नेवाशाला लाडमोड नावाचे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात आणि पुन्हा १९५९ पासून तेथे उत्खनन केले. वर मुसलमानी व मराठा अमदानीचे अवशेष, त्याखाली सातवाहन काळाचे, त्याखाली तांब्याबरोबर दगडाचीही हत्यारे वापरणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे. आणि त्या भागातल्या नदीच्या जुन्या गोट्यावाळूच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे. एका गावाच्या परिसरात माणसाच्या इतिहासाची जवळजवळ सगळी पाने एकावर एक!

पण नियम साधा असला तरी निसर्ग साधा नसतो. समजा, शंभर वर्षांपूर्वी कोणी धान्य साठवायला पेव खणले. त्या पेवाच्या तळाशी पडलेले नाणे आता दोन हजार वर्षांपूर्वीच्या थराच्या पातळीला दिसेल. घुशीची बिळे आणि झाडांची मुळे हेच करतात. आपली काळी जमीन तर उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, वरच्या वस्तू त्या भेगांत पडतात आणि पावसाळ्यात भेग मिटते. म्हणून वस्तू किती खोलीवर सापडली एवढे विचारून भागत नाही. ती कोणत्या थरात होती आणि तो थर अखंड होता का, हे पाहावे लागते. खड्डा ज्या थरापासून खाली गेला असेल, त्या थराच्या काळाचा तो खड्डा. थरांच्या रंगातला, कणांतला आणि घट्टपणातला फरक ओळखता आला तरच हे कळते.

घटप्रभेच्या वाटेवर

नेसरीच्या परिसरातले पाणी शेवटी घटप्रभा नदीला मिळते. गडहिंग्लजहून वाहणारी हिरण्यकेशीही पुढे तिलाच मिळते. घटप्रभा सह्याद्रीत उगम पावून बेळगाव जिल्ह्यात उतरते, गोकाकला सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते आणि बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळते. या नदीचे भूपुरातत्त्वाशी जुने नाते आहे.

रॉबर्ट ब्रूस फूट हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतला अधिकारी. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्याला एक घडवलेला दगड सापडला. भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची ही सुरुवात मानतात. लक्षात घ्या, तो इतिहासाचा अभ्यासक नव्हता. तो खडकांचे नकाशे करणारा माणूस होता. कोणता दगड कोणत्या थरात असायला हवा हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच 'हा दगड असा आपोआप फुटत नाही' हे त्याच्या नजरेला जाणवले.

पुढे फूटने त्या वेळी 'दक्षिण मराठा मुलूख' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाचे सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मलप्रभा आणि घटप्रभा यांच्या खोऱ्यांत त्याने खडकांबरोबर जुन्या गाळाचीही नोंद केली. गोकाकजवळच्या गाळात त्याला एका नामशेष गेंड्याची हाडे मिळाली. १८७४ मध्ये त्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि 'दख्खनचा गेंडा' अशा अर्थाचे शास्त्रीय नाव त्या जातीला दिले. गोकाकला आज गेंडा दिसेल का? गेंडा म्हणजे भरपूर चारा, दलदल, बारमाही पाणी. एका हाडाने त्या खोऱ्याचे वेगळेच चित्र डोळ्यांपुढे उभे केले.

शंभर वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या आर. एस. पप्पू यांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळांचा अभ्यास केला. १९७४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बागलकोटजवळ घटप्रभेच्या काठी अनगवाडी येथे अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या बहुतांशी क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या आहेत. या दगडाचे मोठे गोटे नदीत आयते मिळत. माणूस कोठे राहील हे पाण्याने आणि शिकारीने जसे ठरवले, तसे दगडानेही ठरवले.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवायला हवी. नेसरी, आजरा, चंदगड या बाजूला जांभा दगड आणि तांबडी आम्लधर्मी माती बरीच आहे. आम्लात हाडाचा चुना विरघळतो. त्यामुळे अशा मातीत हाडे न सापडणे म्हणजे तेथे प्राणी किंवा माणूस नव्हता असे नाही. पुरावा नसणे आणि पुरावा टिकला नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक मातीच्या रसायनशास्त्रावरून समजतो.

गाळाचे कण काय सांगतात?

कोल्हापूरकरांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे महापूर पाहिले. पूर ओसरल्यावर घराघरांत काय राहिले? बारीक, चिकट गाळ. मोठे गोटे राहिले नाहीत. ते का, हे आपल्याला भौतिकशास्त्र सांगते.

वेगाने वाहणारे पाणी मोठे दगडही ढकलते. वेग कमी झाला की आधी गोटे थांबतात, मग वाळू, मग पोयटा आणि पाणी जवळजवळ स्थिर झाले की शेवटी चिकणमाती बसते. स्थिर पाण्यात बारीक कण ज्या वेगाने खाली जातो तो वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम. ०.०५ मिलिमीटर व्यासाचा पोयट्याचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ४५ सेकंद घेतो. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण व्यासाने २५ पट लहान, म्हणून त्याला २५ × २५ = ६२५ पट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ आठ तास!

आता उलट दिशेने विचार करा. छेदात जाड गोट्यांचा थर दिसला, तर तेथे कधी काळी जोरदार प्रवाह होता. बारीक मातीचा थर दिसला, तर पुराचे पाणी तेथे पसरून सावकाश स्थिरावले होते. एकही माणूस साक्षीला नसताना नदीचा वेग आपण मातीच्या कणांवरून ओळखू शकतो.

यावरून हत्यारांविषयीही निर्णय करता येतो. गोट्यांच्या थरातल्या हातकुऱ्हाडीच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर नदीने ती लांबून लोळवत आणली. ती सापडली ती जागा माणसाची नव्हे. उलट, बारीक गाळात धारदार कडांची हत्यारे आणि ती घडवताना उडालेल्या ढलप्या एकत्र पडलेल्या असतील, तर माणूस तेथेच बसून दगड फोडत होता. गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन भूवैज्ञानिक महिलेने १९६६ ते १९६९ या काळात नेवाशाजवळ चिरकी नाल्याच्या काठी उत्खनन केले. त्यात हत्यारांइतकेच लक्ष त्यांच्याभोवतीच्या गोट्यांकडे आणि गाळाकडे द्यावे लागले. डेक्कन कॉलेजचे प्रा. शरद राजगुरू यांनी तर महाराष्ट्रातल्या नद्यांच्या जुन्या गाळांचा अभ्यास हेच आपले आयुष्याचे काम मानले.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या कागदपत्रांत 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द जोडीने येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावाच्या वस्तीची जागा. अनेक गावांत ओसाड पडलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला आजही 'पांढर' किंवा 'पांढरीचे टेकाड' म्हणतात. वस्तीची माती पांढुरकी का होते?

एका चुलीतून रोज थोडी राख निघते. अशा शंभर चुली तीनशे वर्षे पेटल्या तर? त्यात भर घाला भिंती कोसळून झालेल्या मातीची, चुन्याची, हाडांची, शेणाची, गोठ्यातल्या मुताची, उकिरड्याची. गाव एकाच जागी शतकानुशतके राहिले की त्याच्या पायाखालची जमीनच वर चढत जाते. पांढर ही माणसाने घडवलेली माती आहे. नदी, वारा आणि पाऊस यांच्याप्रमाणे माणूसही थर साचवणारी एक शक्ती आहे.

या मातीची एक रासायनिक खूण आहे. हाडे, विष्ठा आणि अन्नाचे उष्टे यांतून मातीत फॉस्फरस जातो. नायट्रोजनयुक्त क्षार पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातात, पण फॉस्फेट मातीतल्या कॅल्शियम, लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी बांधले जाते व हजारो वर्षे जागचे हलत नाही. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनिउस हे शास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास बीटाच्या लागवडीसाठी मातीची तपासणी करीत होते. बीटापासून तिकडे साखर करतात. काही जागी फॉस्फेट अकारण जास्त येते आणि त्या जागा जुन्या वस्त्यांच्या असतात, असे त्यांच्या ध्यानात आले. साखरेसाठी केलेल्या माती-परीक्षणातून पुरातत्त्वाला एक साधन मिळाले! वर काहीच दिसत नसले तरी गोठा कोठे होता आणि मोकळे अंगण कोठे होते, हे फॉस्फेटच्या नकाशावरून सांगता येते.

भौतिकशास्त्राचीही मदत होते. चुलीच्या किंवा भट्टीच्या उष्णतेने मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडचे रूप बदलते आणि ती माती अधिक चुंबकीय होते. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये मार्टिन एटकिन यांनी नाजूक चुंबकमापक जमिनीवरून फिरवून रोमन काळातली पुरलेली भट्टी खणण्याआधीच शोधली. जमिनीचा विद्युत्‌रोध मोजण्याची पद्धत तेथेच १९४६ पासून वापरात आली होती. पुरलेल्या दगडी भिंतीचा रोध जास्त, ओल धरणाऱ्या बुजलेल्या खंदकाचा कमी. आपल्याकडे चुंबकमापक वापरताना एक अडचण येते. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच बराच चुंबकीय आहे. त्याच्या गोंगाटात चुलीचा बारीक आवाज ओळखावा लागतो.

इनामगावचे शेतकरी

या सगळ्या पद्धती एकत्र कशा येतात हे पाहायचे असेल तर इनामगावला जाऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. वस्तीचा काळ सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० असा ठरला. हे वय कशावरून? बहुतांशी कोळशावरून. कोळशातला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे तीन हजार वर्षांनी सुमारे ७० टक्के उरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात ही मोजणी सुरू झाली. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले.

इनामगावच्या मधल्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व १४०० ते १००० च्या दरम्यान, लोक मोठ्या चौकोनी घरांत राहत. ते गहू आणि जव पिकवत. सुमारे ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा एक कालवाही त्यांनी खणला होता. शेवटच्या काळात, इ. स. पूर्व १००० नंतर, चित्र बदलते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. गव्हाची शेती मागे पडते, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भिस्त वाढते. शेवटी वस्ती ओस पडते.

असे का झाले? डॉ. ढवळीकर यांनी उत्तर दिले की पाऊस कमी झाला. धान्याचे दाणे, प्राण्यांची हाडे, घरांचे आकार आणि नद्यांच्या गाळाचा अभ्यास यांची सांगड घालून त्यांनी हे मत मांडले. ते पटण्यासारखे आहे. पण विज्ञानात पटणे पुरत नाही, स्वतंत्र तपासणी लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळाचा गाळ नळी घालून काढला गेला आणि त्याचा थरवार अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन मोठे कालखंड दिसले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावची पडझड तीन हजार वर्षांपूर्वीची. ती या दोहोंच्या मधे येते!

म्हणजे ढवळीकरांचे मत चुकीचे ठरले का? एवढ्या घाईने म्हणता येणार नाही. लोणार आणि घोड नदीचे खोरे यांत मोठे अंतर आहे. शिरूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश, तेथे थोडी तूटही मोठी ठरते. शिवाय जमिनीचा कस जाणे, नदीने पात्र बदलणे अशी इतर कारणेही असू शकतात. निर्णय पुन्हा मातीनेच द्यायचा आहे. आता वस्तीतल्या मातीचे ढेकूळ राळेत घट्ट करून त्याचे ०.०३ मिलिमीटर जाडीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. त्यांत शेणाचे अंश, गवताच्या पेशींतली सिलिका, तुडवलेल्या जमिनीचे पापुद्रे असे सारे जागच्या जागी दिसते.

बोरीची राख

आता पुणे जिल्ह्यातच जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडी नदीच्या काठावर येऊ. येथे १९८० च्या दशकात गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली. त्याच थरांशी निगडित अश्मयुगीन हत्यारेही मिळाली. महाराष्ट्राचा कातळ ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नदीच्या कोवळ्या गाळातली राख त्याची असणार नाही. ती आली तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरून, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, असे मानतात.

राखेचे वय कळले तर तिच्या खालची हत्यारे त्याहून जुनी, असे सांगता येईल. वय काढले पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने. किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० पासून अरगॉन वायू तयार होतो, तो खनिजात कोंडून राहतो. जेवढा अरगॉन जास्त, तेवढे वय जास्त. पहिले उत्तर आले सुमारे १४ लाख वर्षे. १९९५ मध्ये सुधारलेल्या पद्धतीने उत्तर आले सुमारे ६ लाख ७० हजार. आणि १९९८ मध्ये राखेतल्या काचेचे रासायनिक घटक तपासून दुसऱ्या संशोधकांनी म्हटले, ही टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची राख, वय फक्त ७५ हजारांच्या आसपास!

१४ लाख आणि ७५ हजार! एवढा फरक कसा पडू शकतो? एक सोपे गणित करू. समजा राख ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे, पण नदीने तिच्यात साडेसहा कोटी वर्षे जुन्या कातळाचे कण शंभरात फक्त दोन या प्रमाणात मिसळले. त्यांतले पोटॅशियम सारखेच धरले, तर ६.५ कोटींचे दोन टक्के, म्हणजे १३ लाख वर्षे नुसत्या भेसळीने वाढतील. बोरीत असेच घडले असे हे गणित सिद्ध करीत नाही. भेसळीचा परिणाम किती मोठा असू शकतो एवढेच ते दाखवते.

म्हणून खरा प्रश्न उपकरणाचा नाही, थराचा आहे. राख आकाशातून पडली तशीच आहे, की नदीने वाहून आणून पुन्हा साचवली? तिच्यात वाळू किती? तिच्याखालचे गोटे अखंड आहेत का? हत्यारे नेमकी कोठे होती? महाराष्ट्रात माणूस किती जुना, या प्रश्नाचे उत्तर काही फूट जाडीच्या गाळाच्या वाचनावर अवलंबून आहे, आणि संशोधकांत अजून एकमत नाही.

पुन्हा न करता येणारा प्रयोग

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल चुकला तर आपण पुन्हा मोजतो. उत्खननात ती सोय नाही. थर एकदा खणला की तो संपला. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ संपूर्ण टेकाड कधीच खणत नाहीत. पुढच्या पिढीकडे अधिक चांगली साधने असतील म्हणून काही भाग राखून ठेवतात. १९६८ मध्ये ज्या गोष्टी मोजता येत नव्हत्या त्या आज येतात.

पण गावोगावच्या पांढरी अशा राखून ठेवलेल्या नाहीत. पांढरीची माती खत म्हणून शेतात पसरतात, भिंतींसाठी आणि विटांसाठी नेतात. जेसीबीने एका दिवसात टेकाड सपाट होते. नदीकाठची वाळू उपसली की गाळाचे छेद ढासळतात. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. ही माती खरेच सुपीक असते आणि ती कशामुळे सुपीक आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते तुम्ही सांगू शकता.

आपल्या कोल्हापुरातच पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. डॉ. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळातले नगर उजेडात आले. ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तिच्याभोवतीची माती आणि थर यांची माहिती असल्यामुळेच ती केवळ शोभेची वस्तू राहत नाही. कोल्हापूरचा व्यापार रोमन जगापर्यंत पोचला होता याचा ती पुरावा बनते.

तेव्हा एखादा जुना दगड, खापर किंवा नाणे दिसले तर ते उपटून खिशात घालू नका. जागेवरच छायाचित्र घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. जमिनीपासूनची खोली, थराचा रंग, जवळची खूण वहीत लिहा. मग शिक्षकांना सांगा आणि त्यांच्यामार्फत तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. टेकाड स्वतः कधीही खणू नका. उंच कापलेल्या काठाखाली उभे राहू नका, तो ढासळू शकतो.

करून पाहा

१. एका उंच काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व बाकी पाणी घाला. झाकण लावून जोराने हलवा आणि टेबलावर ठेवा. एक मिनिटाने, एक तासाने आणि दुसऱ्या दिवशी थरांची जाडी मोजा. ओढ्याची माती, शेताची माती आणि माळाची माती यांत काय फरक दिसतो?

२. गोठ्यामागची माती आणि उघड्या माळावरची माती यांचे नमुने घ्या. रासायनिक खत पडले असेल अशी जागा टाळा, नाहीतर सुपरफॉस्फेट तुम्हाला फसवील. शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येक नमुना विरल नायट्रिक आम्लात उकळून गाळा व द्रवात अमोनियम मॉलिब्डेट घालून किंचित गरम करा. पिवळा साका म्हणजे फॉस्फेट. कोणत्या नमुन्यात तो जास्त येतो?

३. गावाजवळ नव्या विहिरीचे किंवा रस्त्याचे खोदकाम चालू असेल, तर सुरक्षित अंतरावरून छेदाचे चित्र काढा. प्रत्येक थराची अंदाजे जाडी, रंग आणि कण लिहा.

विचार करा

१. एका छेदात तळाशी गोटे, त्यावर वाळू, त्यावर चिकणमाती आणि चिकणमातीत कोळसा व खापरे आहेत. तेथे काय काय घडले असेल, ते क्रमाने लिहा.

२. तांबड्या जांभ्याच्या मातीत उत्खनन केले. खापरे आणि चूल मिळाली, पण एकही हाड मिळाले नाही. तेथले लोक मांस खात नव्हते, असे म्हणता येईल का? का?

३. एका थरातली सर्व हत्यारे गोलसर झिजलेली आहेत. त्या जागी माणसाची वस्ती होती, असे म्हणण्यापूर्वी तुम्ही आणखी काय तपासाल?